कल कॅमेऱ्याचा, कल गवंड्याचा

या अंकासाठी वास्तूंची छायाचित्रे निवडायला बसलो आणि एक दीपमाळ समोर आली. दगडी, कोवळ्या उन्हात टिपलेली आणि तळापासून माथ्यापर्यंत सारख्याच जाडीची! मागे देवळाचे खांब मात्र वर बाहेरच्या बाजूला फाकलेले. दीपमाळ वर निमुळती होत जाते, कारण गवंड्याने ती तशीच रचलेली असते. छायाचित्रकाराने तिच्या दोन्ही कडांवर उभ्या रेषा आखल्या आणि सॉफ्टवेअरने आज्ञाधारकपणे तिचा खांब करून टाकला.

लाइटरूममध्ये 2013 साली ‘अपराइट’ आले, तेव्हापासून इमारत सरळ करणे एका क्लिकवर आले आहे. या सोयीबद्दल तक्रार नाही. कॅमेरा वर उचलला की सेन्सर भिंतीला समांतर राहत नाही आणि उभ्या रेषा माथ्याकडे जवळ येतात. तो कल काढायचाच. पण कुठला कल कॅमेऱ्याने दिला आणि कुठला गवंड्याने, हे सॉफ्टवेअरला कळत नाही. बुरूज, दीपमाळ, शिखर यांच्या कडा प्रमाण मानू नका. जी ओळंब्यात बसवलेली असते, ती दाराची चौकट किंवा खिडकीची बाजू धरा.

घुमटांचे दुखणे याहून चिवट आहे. 1888 साली पूर्ण झालेले मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस घ्या. मधल्या घुमटाच्या टोकावर ‘प्रगती’चा पुतळा आहे. जवळून, कॅमेरा वर करून टिपलेल्या चित्रात हाच भाग सर्वांत लहान उमटतो आणि सरळ करताना सर्वांत जास्त ताणलाही जातो. दर्शनी भाग वर तळाच्या 70 टक्के रुंद उमटला असेल, तर तिथली रुंदी 1.4 पट ओढावी लागते. जिथे बारकावे हवेत, नेमके तिथेच पिक्सेल तोकडे पडतात.

शिफ्ट लेन्स वापरली तर ही पिक्सेलची ओढाताण टळते, पण घुमट अंड्यासारखा व्हायचा तो होतोच. इमारतीच्या उंचीइतक्याच अंतरावर उभे राहिलात तर माथा 45 अंशांवर येतो आणि उभ्या रेषा पूर्ण सरळ केल्यावर तिथला गोल रुंदीपेक्षा सुमारे 41 टक्के उंच दिसतो. उंचीच्या दुप्पट मागे गेलात तर हाच फरक 12 टक्क्यांवर येतो. यावर स्लायडरमध्ये उपाय शोधू नका, मागे सरका. मागे जागा नसेल तर समोरच्या इमारतीचा दुसरा-तिसरा मजला गाठा. तिथल्या वॉचमनला चहा पाजणे शिफ्ट लेन्सपेक्षा बरेच स्वस्त पडते.

जतनाच्या कामासाठी नोंद करत असाल तर रेषा काटेकोर उभ्या हव्यात. एरवी उंच इमारतीत किंचित कल राहू द्यावा, असे आमचे मत आहे. मान वर करून पाहणाऱ्याला तो दिसतच असतो. पूर्ण काढला की इमारत माथ्याकडे जड होऊन अंगावर आल्यासारखी वाटते.

ती दीपमाळ मूळ फाइलवरून पुन्हा करून घेतली आणि याच अंकात छापली आहे. यापुढे वास्तूचे छायाचित्र पाठवताना संपादित फाइलसोबत मूळ फाइलही पाठवा, आणि इमारतीपासून साधारण किती पावलांवर उभे होतात तेही लिहा.