जिमचे पैसे वसूल होतील का?

गेल्या जूनमध्ये ७१ वर्षांचे एक गृहस्थ रक्तदाब तपासून घेण्यासाठी आले आणि निघता निघता त्यांनी खिशातून घडी केलेला एक कागद काढला. घराजवळ नव्याने सुरू झालेल्या जिमचे ते दरपत्रक होते. वर्षाचे १८,००० रुपये, तीन महिन्यांचे ६,०००. "मुलगी वर्षाचे पैसे भरते म्हणते. पण डॉक्टर, या वयात ते वसूल होतील का?"

प्रश्न वरवर पैशांचा होता. त्यांच्या पत्नीला दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. उजवी बाजू अजून पुरती सावरलेली नाही. त्यांना पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून न्हाणीघरात नेणे हे काम हे गृहस्थ दिवसातून सात-आठ वेळा एकट्याने करतात. आदल्या आठवड्यात पत्नीला उठवताना त्यांचे गुडघे थरथरले आणि दोघेही कोसळले. सुदैवाने पलंगावरच. मुलीला हे त्यांनी कळू दिले नव्हते.

मी त्यांना दोन्ही हात छातीशी बांधून, कशाचाही आधार न घेता, साध्या खुर्चीतून उठायला आणि बसायला सांगितले. ३० सेकंदांत आठ वेळा जमले. ७० ते ७४ वयाच्या पुरुषाला निदान १२ वेळा आणि स्त्रीला १० वेळा जमायला हवे. त्याहून कमी भरल्यास पडण्याचा धोका वाढलेला असतो. (ही चाचणी घरी करायची असल्यास खुर्ची भिंतीला टेकवावी आणि कोणीतरी शेजारी उभे राहावे.) ते चकित झाले, कारण पत्नी जागी होण्यापूर्वी ते रोज पाऊण तास चालत. चालण्याचा लाभ हृदयाला होतो, मधुमेहाला होतो, मनालाही होतो; पण मांड्यांची आणि दंडांची ताकद टिकवायची तर स्नायूंना क्रमाक्रमाने वाढता भार द्यावा लागतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत पासष्टी ओलांडलेल्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम हालचालीबरोबरच निदान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे आणि तीन दिवस तोल व ताकद यांचे व्यायाम सांगितले आहेत.

वयाची सबब येथे फारशी टिकत नाही. बोस्टनच्या एका वृद्धनिवासातील ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना आठ आठवडे मांड्यांचे भारव्यायाम देण्यात आले होते. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, व्यायामक्रम पूर्ण करणाऱ्यांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक वाढलेली आढळली.

आता हिशेब. आठवड्यातून तीनदा, वर्षभर न चुकता गेल्यास १८,००० रुपयांत एक खेप साधारण ११५ रुपयांना पडते. महिन्यातून चारच वेळा गेल्यास तीच ३७५ रुपयांची होते. अमेरिकेतील दोन अर्थशास्त्रज्ञांनी काही जिमच्या नोंदी तपासल्या; त्यांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. महिन्याला ७० डॉलरहून अधिक भरणारे सभासद सरासरी चार-पाच वेळाच जात होते. म्हणजे प्रत्येक खेपेला १७ डॉलरहून अधिक मोजत होते, आणि दहा खेपांचा सुटा पास घेतला असता तर १० डॉलरमध्ये भागले असते. त्यांना हसण्याचा अधिकार मला नाही. पंचेचाळिशीत मीही वार्षिक सभासदत्व घेतले होते आणि अकरा दिवस गेलो होतो.

या गृहस्थांच्या हिशेबात आणखी एक रक्कम होती. ते बाहेर असताना पत्नीजवळ बसणाऱ्या बाईंचे तासाचे १०० रुपये. ती रक्कम मी वाया गेलेली मानीत नाही. दोन वर्षांत त्यांना स्वतःसाठी दिवसाउजेडीचा एक तासही मिळाला नव्हता.

घरी काहीच होत नाही का? पुष्कळ होते. खुर्चीतून उठबस, भिंतीला हात टेकून जोर, ओट्याला धरून टाचा उचलणे, एक लिटर पाण्याने भरलेली बाटली म्हणजे एक किलोचे वजन. अनेकांना एवढ्याने वर्षभर पुरते. बागेतील मोफत यंत्रेही वाईट नाहीत, पण त्यांतल्या बहुतेकांवर भार वाढवता येत नाही. ज्याला दुसऱ्या माणसाचे वजन पेलायचे आहे, त्याला जिममधील यंत्रांचा आणि शिकवणाऱ्याचा खरा उपयोग होतो.

म्हणून मी त्यांना तीन महिन्यांचेच पैसे भरायला सांगितले. त्याआधी एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहायचे. जिन्याला कठडा आहे का, अकराच्या सुमारास गर्दी ओसरते का, यंत्रावरचे सर्वांत कमी वजन आपल्याला झेपते का, आणि शिकवणारा आपले आजार विचारतो का. पहिल्याच दिवशी प्रथिनांच्या पावडरीचा डबा पुढे करणाऱ्यापासून जपावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तर विशेष. वजन उचलताना श्वास रोखू नये, त्याने रक्तदाब एकदम चढतो. उचलताना श्वास सोडावा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी व्यायामानंतर झटकन उभे राहू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असल्यास उपाशीपोटी जाऊ नये. छातीत दाटणे, घेरी, अवाजवी धाप यांपैकी काहीही जाणवल्यास त्याच क्षणी थांबावे. हृदयविकार किंवा ठिसूळ हाडे असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. शिवाय मी त्यांच्या घरी एकदा फिजिओथेरपिस्ट पाठवले. रुग्णाला कमरेच्या पट्ट्याला धरून, आपली पाठ न वाकवता कसे उठवावे, हे कोणतीही जिम शिकवत नाही.

सप्टेंबरअखेर ते पुन्हा आले. ३० सेकंदांत बारा. जिमला मात्र ते आठवड्यातून दोनदाच जातात, कारण बुधवारी बाईंना जमत नाही. त्या दिवशी घरीच खुर्ची मांडतात. पत्नी पलंगावरून डाव्या हाताच्या बोटांवर मोजतात. "अर्धवट उठलो तर ती बोट धरतच नाही," ते म्हणाले. पुढच्या तीन महिन्यांचे पैसे त्यांनी स्वतःच भरले आहेत.