त्याची झोप विचारा

अपघातातून, पुरातून, दरडीखालून घरचा माणूस वाचला की आपण देवापुढं नारळ फोडतो. फोडावाच. पण प्लॅस्टर निघालं, पंचनामा झाला, भरपाईचे कागद गेले, म्हणजे सगळं मिटलं असं समजू नका.

बाई निदान जावेपाशी, शेजारणीपाशी मोकळी होते. गडी बोलत नाही. तो ताट सरकवून उठतो. पोरांवर खेकसतो. कुकरच्या शिट्टीनं दचकतो. ज्या वळणावर गाडी उलटली ते वळण टाळायला लांबचा फेरा मारतो. रात्री क्वार्टरशिवाय डोळा लागत नाही. आपण म्हणतो, स्वभावच बिघडला. स्वभाव नाही बिघडलेला. धसका बसलाय.

किल्लारीचा भूकंप आठवा. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. वाचलेले कितीतरी जण पुढं छपराखाली झोपायला धजत नव्हते. इतके जण बाहेर झोपत, म्हणून कुणी कुणाला भित्रा म्हटलं नाही. तुमच्या घरातला मात्र एकटाच असतो. म्हणून त्याला लोक हसतात.

त्याला 'काय होतंय' असं विचारू नका. 'काही नाही' हेच उत्तर येणार. झोप विचारा. "अहो, काल किती वाजता जाग आली? पुन्हा डोळा लागला का?" झोप, डोकेदुखी, पित्त यांबद्दल पुरुष बोलतात. त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

बोलायला लागला तर मधे तोंड घालू नका. खोदून विचारू नका. सगळं एकदाच ओकून टाक, असा हट्ट नको. त्यानं कधीकधी जखम जास्तच चिघळते. समोर बसवण्यापेक्षा बरोबर चाला. बांधावर, बाजारात, कुठंही. तुमच्याआधी मेव्हण्याला किंवा जुन्या मित्राला सांगितलं, तर राग मानू नका.

आणि 'मन घट्ट कर, पुरुषासारखा पुरुष तू' हे म्हणू नका. मी माझ्या धाकट्या भावाला म्हटलं होतं. त्यानंतर त्या विषयावर तो माझ्याशी कधी बोलला नाही.

पहिले काही आठवडे झोप उडणं, दचकणं, चिडणं साहजिक आहे. बहुतेक माणसं हळूहळू सावरतात. वेळेवर जेवण, झेपेल तेवढं काम, ठरल्या वेळी अंथरूण, एवढं सांभाळा. महिना उलटूनही तेच चाललं असेल, तर डॉक्टर गाठा. नेहमीच्या डॉक्टरांकडे झोपेची तक्रार म्हणून न्या, ते पुढं पाठवतील. सोबत जा. दारूचं तुम्ही सांगा, तो सांगणार नाही. जिल्हा रुग्णालयातही मनाच्या आजारांवर उपचार होतात. घरी अंगारा लावायचा तर लावा, पण डॉक्टरांची तारीख चुकवू नका.

१४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या मदतीचा, सरकारी नंबर भिंतीवर लिहून ठेवा. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. फोन त्यानंच करायला हवा असं नाही. तुम्हीही करू शकता.

कधी फक्त बोलण्याचे उपचार पुरतात, कधी गोळ्याही लागतात. या गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे, कधी जास्तही लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका. बरं वाटलं म्हणूनही मनानं सोडू नका. शेजाऱ्याची झोपेची गोळी तर मुळीच देऊ नका. दारूवर ती जिवावर बेतू शकते. रोज पिणाऱ्याची बाटलीही एका रात्रीत हिसकावू नका. हात थरथरतात, फीट येऊ शकते. सोडवायची ती डॉक्टरांच्या नजरेखाली.

आता अवघड बोलतो. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत शंभरांमागं सुमारे बहात्तर पुरुष होते. 'माझ्यावाचून तुमचं काही अडणार नाही' असं तो म्हणू लागला, उधारी-व्यवहार घाईनं मिटवू लागला, तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं ते डोक्यात भरत नाही. उलट ओझं हलकं होतं. हो म्हणाला तर ओरडू नका, शपथा घालू नका. एकटं सोडू नका. फवारणीचं औषध घरातून हलवा. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि हे वाचणारे तुम्ही स्वतःच तो माणूस असाल, तर सगळी हकिगत सांगायची गरज नाही. आज जेवण झाल्यावर घरात एवढंच म्हणा, "मला रात्री झोप लागत नाही."