व्हिसामुक्त, पण विनामूल्य नव्हे

भूतानमध्ये भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट वा मतदार ओळखपत्र दाखवून प्रवेश परवाना मिळतो. मात्र सप्टेंबर २०२२ पासून प्रौढ भारतीय पर्यटकास दर रात्रीचे १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागते. चार प्रौढांच्या पाच रात्रींसाठी ही रक्कम २४,००० रुपये होते. १९४९ च्या मैत्री कराराचा दाखला देऊन माफी मागणे मला उचित वाटत नाही. बहुतेक परदेशी पर्यटकांना प्रतिरात्र १०० डॉलर मोजावे लागतात; त्या तुलनेत आपल्याला सवलतच आहे. गर्दीला आवर घालणे हा छोट्या राष्ट्राचा सार्वभौम अधिकार आहे. माझा आक्षेप निकषावर आहे: शुल्कामुळे प्रथम अल्प उत्पन्नाचा प्रवासीच वगळला जातो. आपल्या हिमालयीन राज्यांनी भूतानकडून मर्यादेचे तत्त्व जरूर घ्यावे. ती मर्यादा मात्र पैशाने नव्हे, संख्येने घालावी.