हिरव्या किरणाचे अदृश्य भावंड

मधुमेहाने पोखरलेल्या दृष्टिपटलावर आम्ही नेत्रवैद्य जो हिरवा लेसर वापरतो, तो मुळात हिरवा नसतो. यंत्रात जन्मतो तो १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा अदृश्य अवरक्त किरण. केटीपीसारख्या मुद्दाम घडविलेल्या स्फटिकातून जाताना त्याच्या दोन प्रकाशकणांचा एक होतो, तरंगलांबी निम्मी होते आणि ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश बाहेर पडतो. तो हिमोग्लोबिन आणि मेलॅनिन उत्तम शोषून घेतात. पूर्वीच्या मोठ्या आर्गॉन लेसरला वीज भरमसाट लागे, वर पाण्याने थंडही ठेवावे लागे. आज तेच काम टेबलावरची पेटी करते. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेत आणि लाल गोंदण काढतानाही हीच किमया कामी येते.

१९६१ साली मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन व सहकाऱ्यांनी रुबी लेसरचा लाल किरण क्वार्ट्झमधून पाठवून प्रथमच अशी अर्धी तरंगलांबी मिळविली. छायाचित्रातील तिचा ठिपका इतका क्षीण होता, की छपाईत तो डाग समजून काढून टाकला गेला, असे सांगतात!

परंतु हे रूपांतर शंभर टक्के कधीच होत नाही. उरलेला अवरक्त किरण अडविण्यासाठी गाळणी लागते, आणि स्वस्त हिरव्या पॉइंटरमध्ये नेमकी तीच गाळलेली असू शकते. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत १० मिलिवॉट म्हणून विकलेल्या एका पॉइंटरमधून सुमारे २० मिलिवॉट अवरक्त प्रकाश बाहेर पडत होता. हिरवा मात्र मंदच होता. हिरव्या झोताने डोळा मिटतो तरी; अवरक्ताने पापणीही लवत नाही आणि दुखतही नाही.

म्हणूनच असली वस्तू खेळणे म्हणून मुलांच्या हाती देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. समाजातील पालकांना हे आपणच सांगायला हवे. अंधुक दिसते म्हणून आलेल्या मुलाला पॉइंटरबद्दल आवर्जून विचारावे, शक्यतो आईवडिलांना बाहेर बसवून. मुले हे लपवितात. आणि दोन्ही तरंगलांबींचे लेसर वापरणाऱ्या बंधुभगिनींना एक विनंती: ५३२ अडविणारा नारिंगी चष्मा १०६४ अडवीलच असे नाही. तेव्हा संरक्षक चष्म्यावर दोन्ही आकडे छापलेले आहेत का, हे यंत्र सुरू करण्यापूर्वी वाचून घ्यावे.