जाळीच्या विणीत टाका सुटला तर

बहिणींनो, साध्या स्वेटरचा सुटलेला टाका चटकन उचलता येतो. जाळीदार शालीचे तसे नाही. तिथे सुईवर दोरा घेतला की एक टाका वाढतो, दोन टाके एकत्र विणले की एक कमी होतो. सारी नक्षी या हिशेबावर उभी असते. म्हणून टाका सुटला की घाबरून सुई उपसू नका. आधी त्यात सेफ्टी पिन अडकवा, मग टाके मोजा.

एक टाका कमी भरला आणि जाळीचे भोकही दिसत नसेल, तर मागच्या ओळीत दोरा घ्यायचा राहिला आहे. तिथल्या दोन टाक्यांमधला आडवा धागा डाव्या सुईवर उचलून विणा. त्याला पीळ देऊ नका, नाहीतर भोक बुजते. साधा टाका खाली घसरला असेल, तर क्रोशाच्या सुईने एकेक आडवा धागा त्यातून ओढत वर आणा.

आणखी एक सवय लावून घ्या. एक नक्षी पूर्ण झाली, मोजणी बरोबर आली, की सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा बारीक सुती दोरा ओवून ठेवा. पुढे उसवावे लागले तरी वीण त्या दोऱ्याशी थांबते आणि आठवडाभराची मेहनत वाचते.