बिल विकता येते, पण आधी ते मान्य व्हायला हवे

सरकारी कंपनीचे काम मिळाले, माल पोहोचला, बिलही दिले. पैसे मात्र तीन महिन्यांनी. तोवर कामगारांचा पगार आणि कच्चा माल कुठून आणायचा? आपल्या समाजातील पहिल्या पिढीचे अनेक उद्योजक इथेच अडकतात. तारण ठेवायला जमीन नसते, म्हणून बँक उभे करत नाही. मग सावकार गाठावा लागतो.

यावर फॅक्टरिंग हा एक मार्ग आहे. म्हणजे येणे असलेले बिल वित्तसंस्थेला थोड्या कमी किमतीत विकायचे आणि पैसे लगेच घ्यायचे. समजा, 10 लाखांचे बिल 90 दिवसांनी मिळणार आहे. वार्षिक 9 टक्के दराने सुमारे 22 हजार कापले जातील. महिना 3 टक्के घेणारा सावकार तेवढ्याच रकमेवर, तेवढ्याच काळात 90 हजार घेतो. इतका फरक पडतो, कारण वित्तसंस्था तुमची जमीन नव्हे, खरेदीदाराची पत पाहते.

यासाठी 2011 चा कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीने अधिक वित्तसंस्थांना हा व्यवसाय खुला झाला. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणाऱ्या ‘ट्रेड्स’ या ऑनलाइन व्यवस्थेत उद्यम नोंदणी असलेला लघुउद्योजक बिल टाकतो आणि वित्तसंस्था त्यावर बोली लावतात. खरेदीदाराने पैसे थकवले, तरी विक्रेत्याकडे वसुली होत नाही.

मेख वेगळीच आहे. खरेदीदाराने बिल मान्य केल्याशिवाय त्यावर पैसे मिळत नाहीत. 250 कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना आणि केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांना ट्रेड्सवर नोंदणीची सक्ती आहे. पण नोंदणी केली म्हणजे बिल मान्य केले असे नव्हे. 45 दिवसांत पैसे देण्याचे बंधन 2006 च्या कायद्यात आहे, उशिरावर चक्रवाढ व्याजही आहे. तरी पुढचे काम जाईल या भीतीने छोटा पुरवठादार तक्रार करत नाही.

केंद्राच्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांसाठी 4 टक्के वाटा ठरवलेला आहे. पण वेळेवर पैसे मिळाले नाहीत, तर मिळालेली ऑर्डरच उद्योजकाला कर्जात ढकलते. म्हणून कार्यकर्त्यांनी केवळ ऑर्डरची टक्केवारी मोजून थांबू नये. माहितीच्या अधिकारात प्रत्येक उपक्रमाला विचारावे: आमच्या उद्योजकांची किती बिले ट्रेड्सवर मान्य केलीत, आणि किती दिवसांत? एकट्या पुरवठादाराला जो प्रश्न विचारता येत नाही, तो संघटनेने विचारायचा असतो.