डोंगराआडचा पाडा आणि रिकामे आकाश

दूरसंचाराच्या सरकारी परिभाषेत ‘दृष्टिरेषा’ हा शब्द वेदवाक्यासारखा वापरला जातो. दोन मनोऱ्यांना एकमेक दिसले, तरच त्यांच्यात बिनतारी संवाद होणार, हा त्याचा अर्थ. पठारावर हे खपून जाते. परंतु सह्याद्रीच्या कुशीत, सागाच्या रानात वसलेल्या पाड्याने कोणाकडे पाहायचे? मध्ये टेकडी आहे, झाडी आहे. म्हणून जोडणी नाही. ‘तांत्रिक अडचण’ असा शेरा पडतो आणि फाईल मिटते. ही अडचण खरोखर निसर्गाची आहे की धोरणाची?

विज्ञानाचे उत्तर स्पष्ट आहे. सध्या खुल्या असलेल्या 5.8 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम 5 सेंटिमीटर. पावसात भिजलेली पाने तिला शोषून घेतात आणि टेकडीच्या माथ्यावरून ती फारशी वळत नाही. अँटेना एकमेकींना दिसल्या, एवढ्यानेही भागत नाही. 10 किलोमीटरच्या दुव्यात मध्यावर दृष्टिरेषेभोवती सुमारे 11 मीटर त्रिज्येचा ‘फ्रेनेल पट्टा’ असतो. त्याचा निदान 60 टक्के भाग मोकळा लागतो. म्हणजे आणखी उंच मनोरा, आणखी खर्च. याउलट 500 मेगाहर्ट्झची लहर 60 सेंटिमीटरची. झाडीत ती कमी क्षीण होते, अडथळ्याच्या कडेवरून अधिक वळते. अशाच लांब लहरींवर दूरदर्शनचे चित्र, पडद्यावर मुंग्या आल्या तरी, आडवळणाच्या घरांत पोहोचत होते. ज्यांनी छपरावर चढून अँटेना फिरवली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

ही केवळ पुस्तकी कल्पना नव्हे. 470 ते 590 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील 15 वाहिन्यांपैकी किमान 12 देशात जवळपास सर्वत्र मोकळ्या आहेत, असा निष्कर्ष मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी 2014 साली मांडला. याच संस्थेने पालघर परिसरात खामलोली येथे मनोरा उभारून या मोकळ्या जागेतून आसपासची गावे जोडून दाखवली. पुढे प्रसार भारतीने मोजकी केंद्रे वगळता जुनी अ‍ॅनालॉग प्रक्षेपणे 2022 पर्यंत बंद केली. आकाश अधिकच रिकामे झाले.

मग अडले कोठे? अमेरिकेने अशा मोकळ्या वाहिन्यांच्या विनापरवाना वापरास 2008 मध्ये तत्त्वतः मान्यता दिली, 2010 मध्ये अंतिम नियम केले. भारतात 2018 साली 5 गिगाहर्ट्झचे पट्टे खुले झाले. शहरी घरांची सोय झाली. झाडीतून जाणारा पट्टा मात्र त्यात नव्हता. आकाश ही लिलावात विकायची मालमत्ता, ही वृत्ती याच्या मुळाशी आहे. त्या लिलावाचे फलित तरी काय? शेजारच्या 600 मेगाहर्ट्झ पट्ट्याला 2022 मध्ये एकही बोली आली नाही.

या मार्गाच्याही मर्यादा आहेत. लांब लहरीस मोठी अँटेना लागते, वाहिनी अवघी 8 मेगाहर्ट्झची असल्याने वेग बेताचा मिळतो आणि अख्खा डोंगर भेदण्याचा चमत्कार तीही करीत नाही. पण पाड्यावरच्या शाळेला, आरोग्य उपकेंद्राला, शिधापत्रिकेवरच्या अंगठ्याच्या नोंदीला चमत्कार नको आहे. खात्रीची जोडणी हवी आहे. 2011 साली मंजूर झालेल्या ‘भारतनेट’ योजनेचे लक्ष्य ग्रामपंचायतीपर्यंत प्रकाशतंतू नेण्याचे. पंचायतीपासून पाड्यापर्यंतचे शेवटचे काही किलोमीटर कोणी चालायचे? ‘आता उपग्रह आहेत’, हे उत्तर सोपे आहे. पण देशाच्या अखेरच्या वस्तीची दोरी परक्या कंपनीच्या हाती देण्यात कोणते शहाणपण?

ज्ञान देशातच सिद्ध झाले आहे, आकाश रिकामे आहे, गरज समोर उभी आहे. अडथळा डोंगराचा नाही. दिल्लीच्या टेबलावरून पाडा दिसत नाही, ही खरी तुटलेली दृष्टिरेषा आहे. ती जोडण्यास मनोरा लागत नाही, इच्छाशक्ती लागते.